जुन्या महाकाव्यातल्या प्राण्यावरून नवा प्राणी कसा रचावा, म्हणजे तो नक्कल वाटणार नाही?

मूळ प्राण्याचं रूप उचलू नका, कथेतलं त्याचं काम उचला आणि शरीर त्या कामाभोवती नव्याने रचा. याचा उत्तम नमुना म्हणजे १५ व्या शतकातल्या सारळा दासांच्या ओडिया महाभारतातला नवगुंजर. डोकं कोंबड्याचं, मान मोराची, वशिंड बैलाचं, कंबर सिंहाची, शेपटी सापाची. तीन पाय हत्ती, वाघ आणि हरणाचे (काही चित्रांत घोड्याचा), आणि चौथ्या पायाच्या जागी कमळ धरलेला माणसाचा हात. अर्जुन त्याच्यावर बाण रोखतो, तेवढ्यात तो हात त्याला दिसतो, हा कृष्णच आहे हे उमगतं आणि तो धनुष्य टाकतो. सगळा प्रसंग त्या एका हातावर उभा आहे. बाकीचे आठ अवयव आधी गोंधळात पाडण्यासाठी! म्हणून रेखाटायला बसण्यापूर्वी एवढं ठरवा:

- बघणाऱ्याने आधी काय समजावं (शिकार, राक्षस, देव)?
- कोणत्या एका अवयवामुळे तो समज मोडेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर पंख-शिंगं कितीही जोडा, ती भेळच होते. मात्र एक पथ्य पाळा: नवगुंजर हे श्रद्धेचं रूप आहे, पुरीच्या जगन्नाथ मंदिरावरच्या नीलचक्रावरही ते कोरलेलं आहे. त्यामुळे खेळात मारायचा राक्षस करायचा असेल, तर रचनेची युक्ती घ्या. नाव आणि तेच नऊ अवयव घेऊ नका.