दीडशे विद्यार्थी आणि विभागात मोजकेच शिक्षक. विदर्भातल्या ग्रामीण मेडिकल कॉलेजात लेक्चरऐवजी टीम-बेस्ड लर्निंग जमेल का?

जमेल, आणि शिक्षक कमी असतील तिथे तर जास्तच, कारण एकच शिक्षक एका हॉलमध्ये वीस-पंचवीस गट सांभाळू शकतो. प्रॉब्लेम-बेस्ड पद्धतीत (छोट्या गटाने एखादी समस्या सोडवत शिकायचं) बहुधा प्रत्येक गटाला वेगळा मार्गदर्शक लागतो. तो आणायचा कुठून? मी फार्माकॉलॉजी (औषधशास्त्र) शिकवतो, त्या अनुभवावरून सांगतो. ५ ते ७ जणांचे गट शिक्षकानेच पाडायचे (मित्रामित्रांचे नकोत). मग क्रम असा:

- घरून वाचन
- एकट्याने छोटी चाचणी, लगेच तीच गटाने
- अडलेल्या भागाचा खुलासा
- सर्व गटांना एकच केस

खरी मजा केसमध्ये. कपाशीवर फवारणी करून आलेला मजूर, लाळ गळतेय, बाहुल्या बारीक, छातीत घरघर, म्हणजे कीटकनाशकाची विषबाधा. त्यावरच्या दोन औषधांपैकी आधी कोणतं, अ‍ॅट्रोपिन की प्रॅलिडॉक्झिम? सगळ्या गटांनी एकाच वेळी उत्तराचं कार्ड वर करायचं. मग जो वाद पेटतो, तो लेक्चरमध्ये होत नाही. मात्र वाचन झालं नाही तर सगळं कोसळतं. मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांना इंग्रजी पुस्तकाचं अख्खं प्रकरण देऊ नका. सात-आठ पानं द्या आणि गटातली चर्चा खुशाल मराठीत होऊ द्या.