कोच गेला, मग पोरं का निघाली?

प्रश्न : भाचा अलाबामात शिकतो. तिथल्या विद्यापीठाचे फुटबॉल कोच निक सेबन निवृत्त झाले तेव्हा म्हणाला, "मामा, आता खेळाडूही जातील." असं का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : मामा, आधी एक. नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर पोरं खेळतात तो हा फुटबॉल नव्हे. हा लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा. तिथे पोरं बऱ्याचदा कोचच्या शब्दावर विद्यापीठ निवडतात, म्हणून कोच गेला की संघ बदलायला तेव्हा 30 दिवसांची मुभा होती. केलेब डाउन्ससारखा गुणी बचावपटू ओहायो स्टेट विद्यापीठात गेलाच.

आणि नव्या कोचचा शोध? 10 जानेवारी 2024 ला सेबन थांबले, 12 ला अलाबामाने वॉशिंग्टन विद्यापीठाचे कोच केलन डीबोअर उचलले. ते त्याच आठवड्यात राष्ट्रीय अंतिम सामना हरले होते! मग वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे जेड फिश घेतले, ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन. नुसती संगीत खुर्ची.

पैशांचं तर विचारूच नका. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने 2023 मध्ये कोच जिंबो फिशरना काढलं, तेही उरलेल्या कराराचं साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं अंगावर घेऊन. आपल्याकडे क्रीडाशिक्षकाला गोलच्या नव्या जाळीसाठी प्राचार्यांच्या केबिनबाहेर ताटकळावं लागतं.