ठिणगी पडते, पण बार उडत नाही! (वाचकांचे प्रश्न)

प्रश्न: चकमकीची ठासणीची मस्केट, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासायची आणि दगडाच्या ठिणगीने पेटणारी बंदूक, घेतलीये, नवीन बनावटीची रेप्लिका. पहिले पाच-सहा बार मस्त उडाले, मग कधी ठिणगीच पडत नाही तर कधी रंजक (बाहेरच्या वाटीतली पेटवायची दारू) भक्कन पेटते आणि आतला बार तसाच राहतो. बंदूक बदलून घेऊ का?

उत्तर: नका बदलू, आधी पूर्ण वाचा. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि दहातल्या नऊ जणांची बंदूक चांगलीच असते, बिघाड चकमकीत नाहीतर रंजकेत असतो. तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत, म्हणून वेगवेगळं सांगतो.

आधी ठिणगी. बऱ्याच जणांना वाटतं ठिणगी दगडातून निघते. तसं नाहीये, दगड पोलादापेक्षा कडक असतो म्हणून तो समोरच्या पोलादी पात्याचा, म्हणजे फ्रिझनचा, बारीक कीस काढतो आणि तो तापलेला कीस हवेत जळतो, तीच ठिणगी. म्हणजे दगडाला धार पाहिजे आणि फ्रिझन कडक पाहिजे, बाकी काही नाही. पाच-सहा बारांनंतर ठिणगी गेली याचा अर्थ धार बोथट झाली किंवा दगड घोड्याच्या जबड्यात सरकला. दगड उघडा कधीच कसायचा नाही, चामड्याच्या तुकड्यात गुंडाळून कसायचा, आणि घोडा हाफ कॉकवर, म्हणजे अर्धा ओढून अडकवलेला, असताना दगडाची अख्खी कड फ्रिझनला समांतर दिसली पाहिजे, मधे अगदी थोडी फट. एकच कोपरा लागत असेल तर तेवढ्याच ठिकाणी ओरखडा दिसेल, फ्रिझनकडे बघा म्हणजे लगेच कळेल. धार गेली असेल तर पितळी टोकाने कडेवर दाबून बारीक टवके काढायचे, नवीन धार येते. अजून एक, साफसफाईचं तेल फ्रिझनवर राहिलं तरी ठिणगी मरते, शूटिंगच्या आधी स्पिरिटने पुसा. आणि चांगला दगड घालूनसुद्धा फिकट लाल, मेलेल्या ठिणग्या पडत असतील तर मात्र फ्रिझन मऊ असेल, ते जाणकार कारागिराकडून कडक करून घ्यावं लागतं.

आता दुसरं, रंजक पेटते पण बार उडत नाही. इथे सर्वात आधी सुरक्षिततेचं ऐका: नळी टार्गेटकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबा, कारण आत ठिणगी धुमसत असेल तर बार उशिरा उडू शकतो. मी लोकांना लगेच नळीत डोकावताना पाहिलंय, अक्षरशः अंगावर काटा येतो. मिनिट झालं की नळी टार्गेटकडेच ठेवून तारेने कान, म्हणजे वाटीतली आग आत नेणारं नळीचं भोक, मोकळा करा, नवीन रंजक टाका आणि पुन्हा प्रयत्न करा. कान बहुतेक वेळा काजळीने बुजलेला असतो. आणि वाटी काठोकाठ भरायची सवय असेल तर ती सोडा, कानावर रंजकेचा ढीग बसला की ती वातीसारखी सावकाश जळत आत जाते आणि तुम्हाला फुस्स... धाड असं ऐकू येतं. वाटीचा तिसरा हिस्सा ते अर्धी, एवढी पुरते. दमट हवेत वाटीतली काजळी ओलावा ओढून चिखल होते, त्यामुळे प्रत्येक बारानंतर वाटी, दगड, फ्रिझन पुसायचंच, कंटाळा करू नका.

आणि हो, चाप ओढल्यावर बंदूक स्थिर धरून राहा. डोळ्यासमोर भडका होतो म्हणून माणूस दचकतो आणि नेम तिथेच जातो. घरी रिकाम्या बंदुकीत दगडाऐवजी लाकडाचा तुकडा कसून सराव करा, खूप फरक पडतो.

प्रश्न: काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स चालेल का?

उत्तर: चकमकीच्या बंदुकीत नाही. ते पेटायला काळ्या दारूपेक्षा जास्त उष्णता लागते, चकमकीची ठिणगी कमी पडते. खरी काळी दारूच घ्या, रंजकेला चार एफ म्हणजे अगदी बारीक दाण्याची, आणि ०.७५ इंचाच्या ब्राउन बेससारख्या (ही जुनी ब्रिटिश लष्करी मस्केट) मोठ्या नळीत दोन एफ, म्हणजे जाड दाण्याची. आधुनिक धूररहित दारू तर चुकूनही नको, नळी फुटते. दारू ठेवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही, आत निखारा राहिला असेल तर अख्खं शिंग हातात उडेल, आधी मापात घ्या आणि मग ओता. गोळी गजाने दारूवर घट्ट बसेपर्यंत ठासा, मधे अंतर राहिलं तर नळी फुगते. रंजक सगळ्यात शेवटी, फायरिंग लाइनवर.

प्रश्न: एक जुनी चकमकीची बंदूक विकायला आलीये, अस्सल आहे म्हणतात. घ्यावी का? आणि तिने बार काढता येईल का?

उत्तर: घ्यायच्या आधी तुमच्याकडचा परवान्याचा कायदा बघा, देशोदेशी वेगळा आहे. मग पहिलं काम, ती भरलेली आहे का ते बघा, खरंच सांगतो, शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचा बार अजून आत असलेल्या बंदुका निघतात. घोडा खाली, वाटी रिकामी ठेवून गज आत सोडा, तोंडाशी खूण करा, मग तोच गज बाहेरून नळीला लावून बघा. टोक कानापर्यंत पोचत नसेल तर आत काहीतरी आहे, जाणकाराकडेच न्या.

अस्सलपणाचं म्हणाल तर, १८०७ मध्ये फोर्सिथने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं, पुढे घोड्याच्या आघाताने पेटणाऱ्या टोप्या आल्या आणि हजारो चकमकीच्या बंदुका टोपीच्या करून घेतल्या गेल्या. नंतर संग्राहकांना चकमक हवी म्हणून त्यातल्या कित्येक परत फिरवल्या. ती वाईट वस्तू नाही, पण किंमत अस्सलची लावू नये. घोडा आणि फ्रिझनची झीज बाकी लोखंडाशी जुळते का, बुजवलेली भोकं आहेत का, कानाजवळ भडक्याने खाल्लेले खड्डे आहेत का, नीट बघा.

बार मात्र मी अस्सल बंदुकीने सहसा काढू नका म्हणेन. कारागिराने नळी तपासली असेल तर वेगळं, एमएलएआयसी या ठासणीच्या बंदुकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांमध्ये अस्सल बंदुकांनी नेम धरणारे आहेत आणि त्यांचं मला फार कौतुक आहे. तुमच्याकडे रोजच्या शूटिंगला चांगली रेप्लिका असेल तर जुनी जपा. आणि कृपा करून ती घासून चकाचक करू नका, तो काळपट रंग एकदा गेला की परत येत नाही. हलकं तेल लावा, बस. शूटिंगच्या बंदुकीचं उलटं आहे, त्याच दिवशी गरम पाणी आणि साबणाने धुवा, नीट कोरडी करा, मगच तेल, काळ्या दारूची राख एका रात्रीत गंज धरते.