हिरवी माशी नवी कशी ठरते?

प्रश्न : अळूच्या पानावर लांब पायांच्या चमकदार हिरव्या माश्या बसतात. सगळ्या सारख्याच दिसतात, मग त्यातली नवी जात शास्त्रज्ञ कशी ओळखतात? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नुसत्या रंगावर जाऊ नका. या डोलिकोपोडिडी कुळात ७,०००हून अधिक जातींची नोंद आहे. मी आधी नर शोधते. त्याचं जननांग पोटाखाली पुढे दुमडलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा आकार पाहिला की बरेचदा उलगडा होतो. काही नरांच्या पायांवर मादीला दाखवायचे केसांचे झुबकेही असतात, फार देखणे! एकटी मादी हाती लागली, तर नाव देणं अवघडच. वेगळेपण पटलं की वर्णन छापायचं आणि ‘होलोटाइप’ हा, त्या जातीची ओळख ज्यावरून पक्की होते असा, एक नमुना संग्रहालयात जपायचा. काम अफाट आहे: कोस्टा रिकातल्या झुर्कीच्या अवघ्या ४ हेक्टर मेघवनात माश्या-डासांच्या गणातल्या ४,३३२ जाती सापडल्या. तुमच्या अळूवरच्या माश्या बारीक किडे खातात, त्यांच्यावर औषध फवारू नका.