दिवाळीच्या सुट्टीआधी दुसरीच्या वर्गात कोणती हस्तकला घ्यावी आणि काय वाचून दाखवावं?

आकाशकंदीलच घ्या. घोटीव कागद लांबीत दुमडायचा, घडीच्या बाजूने बोटभर अंतरावर काप द्यायचे, पण उघड्या कडेच्या दोन बोटं आधी थांबायचं. इथेच मुलांची कात्री आरपार जाते, म्हणून तिथे आधी पेन्सिलीने रेघ मारून द्या. मग कागद उलगडून आखूड कडा चिकटवायच्या, वर पट्टीची कडी.

डिंक वाळेपर्यंत गोष्ट वाचा. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी चित्रगोष्टी मोफत मिळतात. पहिल्या-दुसऱ्या पातळीची निवडा. चित्र मुलांकडे धरा आणि पान उलटण्याआधी थांबून विचारा, "आता काय होईल?" मागच्या बाकावरची गप्प मुलंही तेव्हा बोलतात, मला तो क्षण फार आवडतो.