डिफॉल्ट व्हॅल्यू दिली म्हणजे सुटलो, असं नाही

तू शेअर्ड लायब्ररीतल्या (अनेक प्रोग्रॅम चालताना वापरतात त्या सामायिक कोडमधल्या) फंक्शनला तिसरा पॅरामीटर जोडलास आणि डिफॉल्ट व्हॅल्यू दिलीस, म्हणून जुना कोड कंपाइल होतोय. पण आधीच कंपाइल होऊन लोकांच्या मशीनवर बसलेल्या प्रोग्रॅमचं काय? सी++ मध्ये पॅरामीटरचे प्रकार सिम्बॉलच्या, म्हणजे लायब्ररीत फंक्शन ज्या नावाने शोधलं जातं त्याच्या, नावातच गुंफलेले असतात. तू जुनं नाव पुसलंस, त्यामुळे नवी डॉट-एसओ फाइल (लिनक्सवरची शेअर्ड लायब्ररी) टाकली की तो प्रोग्रॅम 'अनडिफाइन्ड सिम्बॉल' म्हणत आडवा होणार.

सी मध्ये हाल आणखी वाईट. तिथे नाव तेच राहतं, लिंकर (प्रोग्रॅम आणि लायब्ररी जोडणारा) मुकाट जोडून देतो. ६४-बिट लिनक्सवर तिसरा पूर्णांक आर्ग्युमेंट आरडीएक्स या रजिस्टरमधून (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीतून) येतो. जुना कॉलर (फंक्शनला कॉल करणारा कोड) तिथे काही ठेवतच नाही, आणि तुझं फंक्शन तिथला उरलासुरला कचरा खरा मानून चालतं. असा बग शोधताना घाम फुटतो.

म्हणून जुनं फंक्शन जसंच्या तसं ठेव, नव्या सहीचं, म्हणजे नव्या पॅरामीटर-यादीचं, वेगळं लिही, आणि जुन्यातून नव्याला कॉल कर. जीलिबसीने (लिनक्सवरच्या सी लायब्ररीने) २.१४ आवृत्तीत मेमसीपीवाय (मेमरी कॉपी करणारं फंक्शन) बदललं, तेव्हा सिम्बॉल व्हर्जनिंग, म्हणजे एकाच नावाच्या अनेक आवृत्त्या ठेवायची सोय, वापरून जुनंही शाबूत ठेवलं. जुन्या प्रोग्रॅमशी नातं तोडायचंच असेल तर एसओनेम (लायब्ररीच्या नावातला आवृत्ती क्रमांक) वाढव. रिलीजआधी एबीआयडिफ (दोन आवृत्त्यांमधले असे फरक दाखवणारं टूल) चालवून बघ, डोळ्यांवर विसंबू नकोस.