हायवेवरचं चार्जिंग स्टेशन : एफडी मोडायची का?

प्रश्न : कराडच्या अलीकडे पुणे-बंगळूर महामार्गालगत आमचं हॉटेल आहे. शेजारी पाच गुंठे एनए जागा मोकळी आहे. तिथे इलेक्ट्रिक गाड्यांसाठी ६० किलोवॅटचा, दोन गनचा (गाडीला लावायच्या दोन प्लगचा) फास्ट चार्जर बसवायचा आहे. डीपीसकट (ट्रान्सफॉर्मर) खर्च २८ लाख. १२ लाख एफडी मोडून, १६ लाख बँकेचं कर्ज, ११ टक्के, पाच वर्षं. विक्रेता म्हणतो, युनिटमागे ११ रुपये सुटतात, तीन वर्षांत पैसे वसूल. रोज चार-पाच जण 'चार्जिंग आहे का' विचारून जातात. करू का?

उत्तर : स्टेशन होऊ द्या, पण भांडवल दुसऱ्याचं असू द्या.

आधी ते ११ रुपये बघू. ग्राहकाकडून २१ घ्यायचे आणि विजेला १० द्यायचे, एवढाच विक्रेत्याचा हिशोब. पण चार्जिंग सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. २१ मधले ३ रुपये २० पैसे तिथेच गेले, उरले १७.८०. विजेवर जीएसटी नसल्यामुळे सगळ्यात मोठ्या खर्चावर क्रेडिटही (आधी भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. मग चार्जरमधली घट. महावितरण मीटरवरच्या युनिटचं बिल लावतं, तुम्ही विकता गनमधून बाहेर पडलेलं युनिट. मधले पाच-सहा टक्के उष्णता होऊन जातात, म्हणजे १० ची वीज साडेदहाच्या पुढे पडते. ॲप आणि पेमेंटवाल्यांचे दहा टक्के धरले की हातात राहतात साधारण ५ रुपये ४० पैसे.

कर्जाचा हप्ता येतो सुमारे ३४,८००. डिमांड चार्ज (लोडवरचा महिन्याचा वीज-आकार), देखभाल, विमा, इंटरनेट यांचे मी १५ हजार धरतो. म्हणजे महिन्याला पन्नास हजार निघायला रोज ३०० च्या वर युनिटं खपली पाहिजेत. हायवेवर एक गाडी सरासरी २५-३० युनिटं घेते असं धरलं तर रोज अकरा गाड्या, पावसाळ्यातसुद्धा. तुमच्याकडे विचारणारे पाच आहेत. ते सगळे थांबले तरी महिन्याला बावीस हजार येतील. उरलेले अठ्ठावीस हजार मिसळ-चहाच्या गल्ल्यातून भरावे लागतील. एफडीचं बुडालेलं व्याज तर मी अजून धरलेलंच नाही.

दुसरी अडचण वेळेची, आणि मला तीच जास्त खुपते. चार्जिंग स्टेशनला २०१८ पासून वेगळा वीज परवाना लागत नाही हे खरं, पण जोडणी लागतेच. २०२४ च्या सुधारित केंद्रीय नियमांत ग्रामीण भागासाठी १५ दिवस दिलेत; नवी लाईन किंवा डीपी उभारायची असेल तर मुदत ९० दिवसांपर्यंत जाते. तुमच्या एस्टिमेटमध्ये डीपी आहे, म्हणजे तुम्ही दुसऱ्या रांगेत. चार्जर ताडपत्रीखाली आणि हप्ता मात्र चालू, अशी गत मी इतरांची पाहिली आहे.

माझ्या मते चार्जिंग चालवणाऱ्या दोन-तीन कंपन्यांना जागा दाखवा. भाडं किंवा युनिटमागे वाटा, जे जास्त पडेल ते मागा. किमान रक्कम ठरलेली हवीच. तुमची खरी कमाई गाडी चार्ज होईपर्यंत जी तीस-चाळीस मिनिटं माणसं टेबलावर बसतील, त्यात आहे. ती चार्जर कुणाचाही असला तरी तुमचीच.

करारात एका गोष्टीवर अडून बसा : वीजजोडणी कंपनीच्या नावावर, आणि बिलापोटी तुमच्याकडे अनामत. कंपनी गाशा गुंडाळून गेली तर थकबाकी जागेच्या मागे लागते, आणि जागा तुमची आहे. चार्जर सलग किती दिवस बंद राहिला तर करार मोडता येईल, तेही लिहून घ्या. बंद चार्जरवर आलेला माणूस रिव्ह्यूत शिव्या तुमच्या हॉटेलला घालतो.

एवढं करूनही स्वतःचंच हवं असेल, तर आधी महावितरणच्या उपविभागात लोडचा अर्ज, मग फर्म कोटेशन (जोडणीच्या खर्चाचं त्यांचं पत्र), आणि ते हातात आल्यावरच चार्जरची ऑर्डर. बँकेकडे पैसे टप्प्याटप्प्याने मागा आणि हप्ता जोडणी चालू झाल्यावर सुरू होईल असं मंजुरीपत्रात घालून घ्या. तेव्हाही एफडी मोडू नका. रोजच्या विचारणा दहाच्या पुढे जाईपर्यंत थांबा. वहीत तारीखवार लिहून ठेवलेली ती नोंद कंपनीशी भाडं ठरवतानाही उपयोगी पडेल.